शिप्रेच्या पायऱ्यांवर

उज्जैनच्या राम घाटावर आम्ही सायंकाळी बसलो होतो. सोबत आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थी होता. महासंगणकांच्या एका परिषदेहून तो नुकताच परतला होता. पावसाळ्यात शिप्रा फुगली की घाटावरील लहान देवळे पाण्याखाली जातात, असे नावाडी सांगत होता. ते ऐकून विद्यार्थी म्हणाला, "परिषदेतही हीच चर्चा होती."

यंत्रांचा दिमाख पाहावयास तो गेला होता. ऐकावयास मिळाले निराळेच. आकाशाचे चौकोन पाडून महासंगणक प्रत्येकातील वारा, उष्मा व बाष्प यांचे गणित मांडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील 'अर्क' हा महासंगणक २०२४ साली कार्यान्वित झाला. सेकंदास ११ हजार लाख कोटींहून अधिक आकडेमोडी करण्याची त्याची क्षमता आहे. त्याच्या बळावर २०२५ पासून हे चौकोन १२ ऐवजी ६ किलोमीटरांचे झाले. पाऊस कोठे कोसळेल, हे आता अधिक नेमके सांगता येते.

"परंतु तो इशारा शेवटच्या झोपडीपर्यंत कोण नेणार?" परिषदेतील हा प्रश्न त्याच्या मनातून जाईना.

वाचकहो, नोहाला पुराची सूचना मिळाली. पण तारू त्याला स्वतःच्या हातांनीच बांधावे लागले. वादळाचा इशारा असता होडी समुद्रात न लोटणे आणि शेजाऱ्याचे दार ठोठावून त्यालाही सावध करणे, हे काम कोणतेही यंत्र करणार नाही. ते आपलेच आहे.