तोफगाड्यांच्या शहरातील कंपनी कायदा

१ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित करून त्याचे ४१ कारखाने सात नव्या सरकारी कंपन्यांमध्ये वाटून दिले, तेव्हा जबलपूरचा १९०४ मधील तोफगाडी कारखाना कानपूरच्या, खमरियाचा दारूगोळा कारखाना पुण्याच्या आणि वाहन कारखाना चेन्नईच्या कंपनीकडे गेला. कामगार संघटनांच्या विरोधामुळे या बदलाची चर्चा नोकऱ्यांभोवतीच फिरली. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योजकांच्या दृष्टीने त्याची कायदेशीर बाजूही तितकीच महत्त्वाची आहे.

मंडळासारख्या केंद्राच्या खात्याशी होणारा करार राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ नुसार राष्ट्रपतींच्या नावाने होतो, तर कंपनी ही स्वतःच्या नावाने करार करणारी आणि स्वतःच नादार ठरू शकणारी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. सूक्ष्म व लघु पुरवठादारांना २००६ च्या कायद्याचा आधार पूर्वीही होता. त्यानुसार मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीचे व्याज मागता येते. खात्याविरुद्ध न चालणारी २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता मात्र आता तत्त्वतः लागू होते; त्यासाठी थकबाकी किमान एक कोटी रुपयांची हवी, तिच्याविषयी आधीपासून खरा वाद नसावा, आणि अर्ज कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून ठरणाऱ्या न्यायपीठाकडे, म्हणजे प्रयागराज, मुंबई किंवा चेन्नईला करावा लागतो. एकुलत्या एका गिऱ्हाइकावर असा अर्ज करण्याचे धाडस कोणता पुरवठादार करील, हा प्रश्न वेगळाच.

या गुंतागुंतीत कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी काम आहे. २०१८ मध्ये जबलपुरात सुरू झालेल्या धर्मशास्त्र राष्ट्रीय विधि विद्यापीठातील विद्यार्थ्यांना दिल्ली-मुंबईच्या मोठ्या विधिसंस्था खुणावणे स्वाभाविक असले, तरी राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्यपीठ, आयकर अपिलांचे न्यायपीठ आणि वीस लाखांपासूनची बँक-कर्जे हाताळणारे कर्जवसुली न्यायाधिकरण जबलपुरातच आहे. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातल्यामुळे, न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यालाही आता आधी वकिली करणे भाग आहे. ती वर्षे कर्जवसुलीच्या कामात घालवणे अधिक उपयोगाचे, कारण तेथे गहाणखत, ताळेबंद आणि हमीपत्र वाचल्यावाचून युक्तिवाद उभा राहत नाही, आणि बँकेने तारण ताब्यात घेतल्यावर कर्जदाराला दाद मागण्यासाठी मिळणारी ४५ दिवसांची मुदत चुकली तर नंतरचे वक्तृत्व सहसा कामी येत नाही.