उपग्रहाचे चित्र आणि गावाची नोंदवही

मुंबईत दादर स्टेशनाच्या पूर्वेला उतरून परळच्या अंगाने चालू लागले की नायगाव लागते. गिरण्यांच्या काळात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतील कितीतरी घरांतला एक माणूस इथल्या चाळीत राहायला असे. थोरला गावी शेत सांभाळी, धाकटा इथे गिरणीत जाई. गिरण्या बंद पडल्या, पण नाती तुटली नाहीत. आजही पावसाने जोर धरला की दोन्हीकडून फोन सुरू होतात. "दादा, नदी कुठवर आलीय?" असे नायगावातून विचारतात, आणि "हिंदमाताला पाणी भरलं का रे?" असे गावाहून विचारतात.

या दोन प्रश्नांची उत्तरे आज सरकारी अधिकाऱ्याने बसल्या जागी द्यावीत अशी अपेक्षा आहे. त्यासाठी त्याला उपग्रहाची चित्रे आणि जमिनीवरच्या यंत्रांच्या नोंदी वाचायला शिकवतात. हे शिक्षण कसले असते, आणि आपल्या शेतकरी घराचा त्याच्याशी काय संबंध, हे आज पाहू.

एका शहरात दोन पाऊस

नायगावला लागूनच हिंदमाताचा चौक आहे. हा भाग बशीसारखा खोलगट. आजूबाजूचे पाणी इथे जमते. समुद्राला भरती असली की गटारांतले पाणी बाहेर जात नाही. नदी फुगली की आपल्या ओढ्याचे पाणी मागे सरते, तसाच हा प्रकार. अलीकडे परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधून, भरती ओसरेपर्यंत पाणी साठवण्याची सोय महापालिकेने केली आहे. शहरातले शेततळेच म्हणा ना!

परंतु टाकी केव्हा भरेल, पंप केव्हा लावायचे, हे ठरवायला आधी पाऊस कुठे आणि किती पडतो आहे हे कळावे लागते. २६ जुलै २००५ रोजी नेमके हेच कळले नाही. त्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याच्या वेधशाळेत मोजला गेला तो अवघा ७३ मिलिमीटर. एका मिलिमीटरला हेक्टरी दहा हजार लिटर पाणी होते. या हिशेबाने सांताक्रूझच्या एका एकरावर सुमारे ३८ लाख लिटर पाणी कोसळले. मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली. कोणत्या वॉर्डात किती पाऊस चालू आहे हे जागेवर बसून पाहण्याची सोय तेव्हा नव्हती.

त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. २००६ च्या पावसाळ्यापासून महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, बहुतेक अग्निशमन केंद्रांच्या छतांवर. दर पंधरा मिनिटांनी त्यांचा आकडा नियंत्रण कक्षात येऊ लागला. आता नायगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर, परळला, आपत्ती व्यवस्थापन शिकवणारी महापालिकेची संस्थाही आहे.

अधिकाऱ्यांची शाळा

महाराष्ट्रात या शिक्षणाची निकड प्रथम जाणवली ती किल्लारीच्या भूकंपाने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. मदत पुष्कळ आली, पण ती कोणी, कुठे, कोणत्या क्रमाने पोहोचवायची याची घडी आधी बसलेली नव्हती. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांचे आपत्ती आराखडे तयार झाले, आणि पुण्याच्या यशदा संस्थेत अधिकाऱ्यांना हा विषय शिकवणारे केंद्र उभे राहिले. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख झाले. उपग्रहाची चित्रे वाचण्याचे खास शिक्षण डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेत मिळते. हैदराबादचे राष्ट्रीय केंद्र पुराचे नकाशे तयार करते, आणि आपल्या राज्यासाठी नागपूरला सुदूर संवेदनाचे केंद्र आहे.

या शिक्षणातला पहिला धडा असा की उपग्रह सगळेच दाखवीत नाही.

हवामानाचे इन्सॅट जातीचे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून ढगांची चित्रे पाठवतात. ढगाचा माथा जितका थंड, तितका ढग उंच, असा साधारण ठोकताळा. पण उंचावरचा पातळ ढगही थंडच असतो आणि त्यातून थेंब पडत नाही. उलट सह्याद्रीच्या कड्याला अडलेला बुटका ढग चित्रात साधा दिसतो आणि खाली मात्र झोडपून काढतो. म्हणून चित्राला जमिनीवरच्या रडारची आणि पर्जन्यमापकाची जोड द्यावी लागते. मुंबईत अशी रडार कुलाबा आणि वेरावली येथे आहेत.

पुराच्या वेळची गोष्ट आणखी वेगळी. पावसाळी ढगांच्या आडून साध्या कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही. त्यासाठी रिसॅटसारखे रडारचे उपग्रह वापरतात. त्यांच्या लहरी ढगांतून आरपार जातात, रात्रीही चालतात. साचलेले पाणी त्यांच्या चित्रात काळे उमटते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा असेच नकाशे तयार झाले. पण यातही मेख आहे. पुरुषभर उंचीच्या उसात कमरेइतके पाणी शिरले आणि ऊस वर उभा राहिला, तर तो फड चित्रात काळा दिसेलच असे नाही. डोंगराची सावली मात्र पाण्यासारखीच काळी दिसते. हे ज्याला शिकवलेले नाही तो अधिकारी बुडालेल्या शिवाराला कोरडे समजेल आणि कोरड्या उताराला बुडालेले! ज्याने हे शिकून घेतले आहे तो चित्र पाहून तलाठ्याला फोन लावील, आणि मगच मत बनवील.

खालचा आकडा खरा हवा

आता जमिनीवरच्या यंत्रांकडे वळू. महावेध प्रकल्पात राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरली जाते, हे आता शेतकऱ्याच्या पोरालाही पाठ आहे. म्हणजे त्या यंत्राच्या आकड्यावर तुमच्या नुकसानभरपाईचाच नव्हे, तर वेळेवर मिळणाऱ्या इशाऱ्याचाही पाया आहे.

अशा यंत्रात दोन छोट्या वाट्या तराजूसारख्या जोडलेल्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी पुढे येते, आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. वरच्या चाळणीत पाला अडकला की वाटी भरत नाही, आणि धो धो पावसात यंत्र कोरडे राहते. मी अधिकाऱ्यांच्या अशा एका वर्गात बसलो होतो. शिकवणाऱ्यांनी आम्हांला एका ठिकाणचा पर्जन्यमापक पाहायला नेले. तो एका डेरेदार झाडाच्या आडोशाला होता. झाड वा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडून पर्जन्यमापक असावा, हा नियम आम्हां सगळ्यांना तोंडपाठ होता. रोज त्या झाडाखाली गाडी लावणाऱ्या कोणाच्याही तो ध्यानात आला नव्हता. मी स्वतः तिथून कितीदा गेलो होतो, याची त्या दिवशी लाज वाटली.

नदीकाठी तर आकड्याची भाषा लोकांच्या अंगवळणीच पडली आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीला कृष्णेच्या आयर्विन पुलावर ४० आणि ४५ फूट. २०१९ साली आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेले. वर्गात अधिकाऱ्याला नुसते फूट शिकवीत नाहीत. इतक्या फुटांना कोणता रस्ता बंद होतो, कोणती वाडी तुटते, जनावरे त्याआधी किती तास हलवावी लागतात, याचा तक्ता त्याच्याकडून करून घेतात. मग रंगीत तालीम होते. समोर उपग्रहाचे चित्र, धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा आणि एकामागून एक येणारे फोन. काय करणार, ते ठरवायला मिनिटे मोजून मिळतात. कागदावर चुकले तर माणूस मरत नाही. म्हणूनच चुका तिथेच करून घ्यायच्या.

यंत्राला न दिसलेली गावे

एवढे सगळे असून काय निसटते, ते दोन गावांनी दाखवले आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराच्या चिखलाखाली गाडले गेले. १५१ माणसे गेली. ही खबर बाहेर कोणी आणली? नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाने. गाव जिथे असायचे तिथे गाव नाही, हे त्याने पाहिले. आभाळात उपग्रह होते, पण त्या क्षणी त्या गावाकडे पाहणारे डोळे रोज त्या वाटेने येणाऱ्या माणसाचे होते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. वरून केलेली यादी कितीही उपयोगी असली तरी तिच्यात नसलेल्या डोंगराला ती यादी माहीत नसते!

डोंगर बहुधा काहीतरी सुचवतो. उतारावरच्या शेतात वा घराच्या जोत्याला नवी भेग पडते. सरळ उभी झाडे, विजेचे खांब कलतात. रोज लागणारे दार एकाएकी अडकू लागते. झऱ्याचे पाणी गढूळ होते, किंवा मुसळधार पावसातही अचानक आटते. ही चिन्हे आधी दिसतात ती शेळ्या चारणाऱ्या पोराला आणि पाणी भरणाऱ्या बाईला. त्यांचे पाहणे शिकलेल्या अधिकाऱ्यापर्यंत रात्रीच्या आत पोहोचले, तर उपग्रहाचा, रडारचा आणि सगळ्या शाळेचा उपयोग. नाही पोहोचले, तर चित्रे दुसऱ्या दिवशी फक्त ढिगारा दाखवतात.

आपण काय करावे

तेव्हा वाचकहो, हे काम सर्वस्वी साहेबांवर टाकून चालणार नाही. प्रत्येक गावाने पुढील गोष्टी कराव्यात.

एक, आपल्या मंडळाचे हवामान केंद्र कुठे आहे ते एकदा जाऊन पाहा. झाड, भिंत, पाचोळा यांनी ते अडले असेल तर ग्रामसभेत ठराव करून तहसीलदारांना लेखी कळवा. यंत्राला स्वतः मात्र हात लावू नका.

दोन, गावात एक साधा पर्जन्यमापक ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजून शाळेच्या मुलांकडून वहीत लिहून घ्या. त्याच वहीत नदीचे पाणी कोणत्या दगडाला, कोणत्या पायरीला किती वाजता लागले तेही लिहा. ही वही सरकारी पुरावा म्हणून चालेलच असे मी म्हणत नाही. पण मंडळाचा आकडा आणि गावाचा पाऊस यांत वारंवार मोठा फरक पडत असेल, तर तपासणी मागायला ती बळ देते.

तीन, पावसाळ्याआधी ग्रामसभेत विचारा: आपल्या गावासाठी आपत्तीचे शिक्षण घेतलेला माणूस कोण? रात्री त्याला कोण उठवणार? जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवा.

चार, विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी हे ॲप मोबाइलवर घ्या. जमिनीवरची यंत्रे विजेच्या लहरी टिपतात, आणि आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरांतल्या धोक्याची सूचना फोनवर येते. सूचना आली की झाडाखाली थांबू नका, औत सोडून पक्क्या घरात या.

पाच, उतारावर वर सांगितलेली चिन्हे दिसली तर खात्री करीत बसू नका. माणसे आणि जनावरे आधी हलवा, फोन लगेच करा. धोका खोटा ठरला तर एक रात्र शाळेत काढावी लागेल, एवढेच.

नायगावच्या शेजारी आज दर पंधरा मिनिटांनी पावसाचा आकडा मिळतो, कारण २००५ साली त्याची किंमत माणसांनी मोजली. आपल्या गावाने तसे मोल देण्याची वाट पाहू नये. चार आण्याच्या खडूने दारामागे लिहिलेला क्रमांक आणि शाळेतल्या पोरांनी भरलेली वही, एवढ्यावर सुरुवात करता येते. पुढच्या वेळी नायगावहून "दादा, नदी कुठवर आलीय?" असे विचारणे आले, तर नुसते "लई आलीय" म्हणू नका. वही उघडून आकडा सांगा, आणि तोच आकडा तहसील कचेरीलाही कळवा.