घटनेत नसलेली अट
अमेरिकी राज्यघटनेचे सहावे कलम सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला मनाई करते. मतदाराच्या मनाला ते लागू नाही. १९२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कॅथलिक उमेदवार अल स्मिथ हरले. १९६० मध्ये कॅथलिकच असलेले उमेदवार जॉन केनेडी यांना ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर आपली भूमिका मांडावी लागली.

२००८ मध्ये बराक ओबामांची कोंडी दुहेरी होती. ते छुपे मुस्लिम असल्याची अफवा एकीकडे, त्यांच्याच चर्चचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांवरून गदारोळ दुसरीकडे! या गदारोळाला उत्तर म्हणून १८ मार्चला फिलाडेल्फियात ओबामा वंशभेदावर सविस्तर बोलले. अफवेला खरे उत्तर मात्र ऑक्टोबरमध्ये रिपब्लिकन कॉलिन पॉवेल यांनी दिले: ओबामा ख्रिस्तीच आहेत, पण मुस्लिम असते तरी त्यात गैर काय? प्रचारात इतक्या उशिरा का होईना, हे कुणीतरी ठणकावून विचारले.