घड्याळाशी इमान

दि. ६ मे १९५४, गुरुवार. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या इफली रोड क्रीडांगणावर सायंकाळी एक मैलाची शर्यत नुकतीच संपली होती. पहिला आलेला रॉजर बॅनिस्टर हा वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी धापा टाकीत इतरांच्या आधाराने उभा होता आणि सुमारे तीन हजार प्रेक्षक ध्वनिक्षेपकाकडे कान लावून बसले होते. माणसाला एक मैल चार मिनिटांच्या आत धावता येईल काय, हा त्या काळी क्रीडाजगताला पडलेला मोठा प्रश्न होता. स्वीडनच्या गुंडर हेगने १९४५ साली ४ मिनिटे १.४ सेकंद अशी वेळ दिली होती. त्यानंतर नऊ वर्षे कोणी त्या आकड्याला धक्का लावू शकले नव्हते.

ध्वनिक्षेपकासमोर अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण हातात निकालाचा कागद घेऊन उभा होता. त्याचे नाव नॉरिस मॅक्वर्टर. काही वर्षांपूर्वी तो स्वतः याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता, धावपटू होता आणि आता क्रीडापत्रकार म्हणून पोट भरत होता. त्या सायंकाळचे त्याचे निवेदन पुढे फार प्रसिद्ध झाले. परंतु त्या निवेदनापर्यंत तो कसा पोहोचला, ही कथा अधिक मोलाची आहे. खेळात रमलेल्या मुलाचे पुढे काय होणार, अशी चिंता ज्या घरांत केली जाते, त्या घरांनी तर ती अवश्य जाणून घ्यावी.

नॉरिस आणि रॉस हे जुळे भाऊ. त्यांचा जन्म ऑगस्ट १९२५ मध्ये लंडनमध्ये झाला. वडील विल्यम मॅक्वर्टर हे तेथील वृत्तपत्रसृष्टीतील नामवंत गृहस्थ होते. घरात वर्तमानपत्रांचे गठ्ठे येत. दोघे भाऊ ती वाचून काढीत आणि त्यांतील कात्रणे जपून ठेवीत. सर्वांत उंच काय, सर्वांत लांब काय, सर्वांत जलद कोण, अशा माहितीचा त्यांना विलक्षण नाद होता. व्यापाऱ्याच्या घरातील मूल जसे न शिकवताच भाव, वजन आणि नफातोट्याची भाषा उचलते, तशी या मुलांनी आकड्यांची आणि बातम्यांची भाषा घरातूनच उचलली. तो त्यांचा वारसा होता. मात्र त्या वारशाचे काय करावयाचे, हे त्यांना स्वतःच शोधावे लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोघेही नौदलात दाखल झाले. युद्ध संपल्यावर ते ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयात शिकले. अभ्यासाबरोबर त्यांनी मैदानही गाजवले. दोघेही कमी पल्ल्याच्या शर्यतींत धावणारे होते आणि ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या आजी-माजी खेळाडूंच्या अकिलीस क्लबकडून उतरत. रॉजर बॅनिस्टरशी त्यांची मैत्री याच मैदानावर जुळली. बॅनिस्टर विद्यापीठाच्या अॅथलेटिक्स क्लबचा अध्यक्ष असताना त्याने इफली रोडची जुनी, एका मैलाला तीन फेऱ्या लागणारी धावपट्टी बदलून तेथे ४४० यार्डांची नवी धावपट्टी व्हावी, असा आग्रह धरला आणि तो पूर्णही झाला. चार फेऱ्यांचा नेमका मैल आता त्या मैदानावर मोजता येऊ लागला. पुढच्या इतिहासाची जागा अशी विद्यार्थ्यांनीच सिद्ध करून ठेवली होती.

नॉरिस चांगला धावपटू होता, पण ऑलिंपिकचे पदक त्याच्या नशिबी नव्हते. बहुतेक विद्यार्थी खेळाडूंवर ही वेळ येते. पदवी हाती पडते, स्पर्धा संपतात, आणि पहाटेचा सराव, घामाने भिजलेले कपडे, शतांश गुणांनी हुकलेली बक्षिसे, या साऱ्यांचा जमाखर्च मांडावयाची घडी येते. हिशेबाच्या वहीत या वर्षांची नोंद कोणत्या बाजूला करावयाची? घरच्यांना ती खर्चाच्या बाजूस दिसते. मॅक्वर्टर बंधूंनी ती भांडवल म्हणून लिहिली.

१९५१ साली त्यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, जगातील व ब्रिटनमधील अॅथलेटिक्सच्या विक्रमांचा इतिहास सांगणारे 'गेट टू युअर मार्क्स' हे पुस्तक दोघांनी मिळून प्रसिद्ध केले. दुसरी, नॉरिसने लंडनच्या 'द स्टार' या सायंदैनिकात अॅथलेटिक्सचा वार्ताहर म्हणून काम सुरू केले. तिसरी गोष्ट खास उद्योजकाच्या बुद्धीची होती. वृत्तपत्रे, वार्षिके, विश्वकोश यांना अचूक माहिती व आकडे पुरवणारी एक संस्था त्यांनी लंडनमध्ये उघडली. लहानपणीच्या कात्रणांचे आता दुकान झाले होते. या दुकानातला माल म्हणजे खरी माहिती. असा माल एकदा जरी खोटा निघाला, तरी गिऱ्हाईक पुन्हा उंबरा चढत नाही. १९५२ मध्ये त्यांनी 'अॅथलेटिक्स वर्ल्ड' नावाचे मासिकही काढले.

येथे एक प्रश्न मनात येतो. आकडे तर कोणीही उतरवून घेईल, मग त्यासाठी धावपटूच का हवा? याचे उत्तर मैदानावर उतरलेल्यालाच ठाऊक असते. शंभर मीटरच्या शर्यतीत पाठीमागून वारा असेल, तर वेळ आपोआप कमी होते. म्हणूनच अशा शर्यतीत पाठीवरील वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा अधिक वेगाचा असला, तर त्या वेळेला विक्रमाची मान्यता मिळत नाही. धावपट्टी पावसाने भिजून जड झाली आहे का, वळणे किती तीव्र आहेत, पहिली फेरी कोणी वेगाने ओढली आणि शेवटच्या शंभर यार्डांत कोणाचे पाय भरून आले, हे गॅलरीत बसलेल्या सामान्य प्रेक्षकाला दिसत नाही. ज्याने ते स्वतःच्या पोटऱ्यांत अनुभवले आहे, त्याला ते दुरूनही कळते. शिवाय दशांश सेकंदाची किंमत त्याने स्वतः मोजलेली असते. दुसऱ्याच्या नावापुढे चुकीची वेळ लिहिणे म्हणजे त्याची वर्षानुवर्षांची मेहनत चुकीच्या मापाने तोलणे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता पुन्हा त्या सायंकाळकडे वळू. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ब्रिटनची अॅथलेटिक्स संघटना यांच्यातील ती स्पर्धा होती. बॅनिस्टर सकाळी लंडनच्या रुग्णालयातील काम करून आगगाडीने ऑक्सफर्डला आला होता. दिवसभर जोराचा वारा होता आणि प्रयत्न करावा की नाही, हे त्याचे ठरत नव्हते. शर्यतीच्या आधी वारा थोडा पडला आणि त्याने निर्णय घेतला. प्रथम ख्रिस ब्रॅशरने व नंतर ख्रिस चॅटवेने पुढे राहून वेग राखला. शेवटच्या फेरीत चॅटवेला मागे टाकून बॅनिस्टर पुढे झाला आणि अंतिम रेषेवरची फीत छातीने तोडून तो कोसळलाच. पंचांनी आपापली घड्याळे पडताळली आणि कागद नॉरिसच्या हाती आला.

धावणारा त्याचा मित्र होता. मित्राने सर्वांना अशक्य वाटणारी गोष्ट केली, हे सबंध मैदानावर पंचांखेरीज ज्या मोजक्यांना ठाऊक होते, त्यांत तो होता. दुसरा कोणी असता, तर आनंदाने ओरडून मोकळा झाला असता. नॉरिसने रीतसर सुरुवात केली. क्रीडाप्रकार क्रमांक नऊ, एक मैल. प्रथम क्रमांक, छातीवरील अंक एकेचाळीस. मग धावपटूचे नाव, त्याची संघटना आणि त्याची ऑक्सफर्डमधील महाविद्यालये. त्यानंतर त्याने सांगितले की ही वेळ या स्पर्धेचा आणि या धावपट्टीचा नवा विक्रम आहे. मग एकेक पायरी चढत ब्रिटन, युरोप, राष्ट्रकुल असे करीत तो जागतिक विक्रमापर्यंत आला. शेवटी वेळ सांगताना त्याने 'तीन' हा शब्द उच्चारला मात्र, आणि पुढचे सारे जयघोषात बुडून गेले. वेळ होती ३ मिनिटे ५९.४ सेकंद.

या निवेदनातील नाट्य पुष्कळांनी वाखाणले आहे. त्यातील एका छोट्या अटीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. राष्ट्रीय, युरोपीय व जागतिक विक्रमांची नावे घेण्यापूर्वी नॉरिसने सांगून ठेवले होते की हे विक्रम अधिकृत मान्यता मिळण्यास अधीन आहेत. मोजणीची तपासणी होऊन संबंधित संघटनेने शिक्कामोर्तब करीपर्यंत जागतिक विक्रम हा फक्त दावा असतो. मित्राच्या आयुष्यातील सर्वोच्च क्षणी, तीन हजार माणसे उत्कंठेने ताटकळत असताना, ही अट उच्चारायला तो विसरला नाही. रकमेची नोंद पावती हाती आल्याशिवाय पक्क्या वहीत करू नये, हा नियम आपल्या पेढ्यांवर पिढ्यानपिढ्या पाळला जातो. नॉरिसने तोच नियम मैदानावर पाळला. मैत्री आणि सत्य यांची तेथे ओढाताण झालीच नाही, कारण मित्राच्या पराक्रमाला खरी शोभा अचूक नोंदीनेच येणार, हे त्याला कळले होते.

पुढे त्या विक्रमाला मान्यता मिळाली. परंतु तो टिकला अवघे सेहेचाळीस दिवस. २१ जून १९५४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने फिनलंडमध्ये त्याहून कमी वेळात मैल पुरा केला.

मॅक्वर्टर बंधूंच्या दुकानाला मात्र त्याच मैदानावरील ओळखीतून मोठे गिऱ्हाईक मिळाले. चॅटवे त्या वेळी गिनीज या आयरिश मद्यकंपनीत नोकरीला होता. कंपनीचे प्रमुख सर ह्यू बीव्हर यांना काही वर्षांपूर्वी एका शिकारीच्या वेळी एक शंका आली होती. शिकारीच्या पक्ष्यांपैकी युरोपात सर्वांत वेगवान पक्षी कोणता? वाद झाला, पण उत्तर कोणत्याच पुस्तकात मिळेना. असे वाद मिटवणारे पुस्तक कोणी तयार करील काय, अशी विचारणा झाली, तेव्हा चॅटवेने आपल्या या जुळ्या मित्रांची नावे सुचवली. २७ ऑगस्ट १९५५ रोजी १९८ पानांची पहिली प्रत बांधून तयार झाली आणि त्या वर्षीच्या नाताळापर्यंत हे पुस्तक ब्रिटनमध्ये खपाच्या अग्रस्थानी पोहोचले. 'गिनीज बुक' म्हणून आपल्या घरांतील मुले ज्याची पाने उलटतात, त्याचे मूळ असे विद्यार्थी धावपटूंच्या कात्रणवहीत आहे. १९७५ मध्ये रॉसची आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या बंदूकधाऱ्यांनी घरापाशी हत्या केली. नॉरिसने काम पुढे चालू ठेवले. २००४ साली त्याचे निधन झाले.

आपल्या घरातही एखादा मुलगा किंवा मुलगी पहाटे उठून मैदानावर जात असेल. राज्य पातळीपर्यंत मजल मारून ती वाट तेथेच थांबेल, अशी भीती आईवडिलांना वाटणे स्वाभाविक आहे. दुकान, कारखाना, हिशेब यांत त्या वर्षांचा काय उपयोग, असा प्रश्न घरातील वडीलधारे विचारतीलच. त्यांनी मुलाच्या हाती एक वही द्यावी. प्रत्येक स्पर्धेनंतर त्याने तीत तारीख, ठिकाण, मैदानाची स्थिती, प्रतिस्पर्धी, वेळ किंवा अंतर लिहावे. स्वतःचा पराभवही तितक्याच स्वच्छ अक्षरात लिहावा. त्या नोंदींखाली चार वाक्यांत सामन्याची हकिगत लिहिण्याचा प्रयत्न करावा. जे डोळ्यांनी पाहिले ते एका बाजूला ठेवावे, जे इतरांकडून ऐकले ते दुसऱ्या बाजूला. अशी वही वर्षभर इमानाने चालली, तर क्रीडापत्रकारितेचा पहिला धडा गिरवून झालाच. पुढे तो पत्रकार झाला नाही, तरी ही सवय ज्या गादीवर तो बसेल तेथे कामास येईल.

विक्रम मोडण्यासाठीच असतात. बॅनिस्टरची वेळ आज शेकडो धावपटूंनी मागे टाकली आहे. पण ती वेळ किती होती, कोठे होती आणि कोणाची होती, याविषयी सत्तर वर्षांनंतरही कोणाला शंका नाही. धावपटू धावून गेला. नोंद करणाऱ्याने आपले काम चोख केले, म्हणून ती धाव अजून आपल्यापाशी आहे.