रोमानियातील लग्नघर आणि परदेशी पाहुणा

रोमानियातील परंपरागत विवाहाला जाणाऱ्या परदेशी माणसाने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी, ती ही की तेथे नुसता प्रेक्षक कोणीच नसतो. दुपारच्या तयारीपासून पहाटेच्या शेवटच्या फेरापर्यंत नव्या संसाराच्या उभारणीतील काही ना काही वाटा प्रत्येक निमंत्रिताकडे येतो.

देशातील बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असल्यामुळे ईस्टर आणि नाताळ यांपूर्वीच्या दीर्घ उपवासांच्या काळात चर्चमध्ये विवाह लागत नाहीत, आणि १९९१च्या राज्यघटनेनुसार धार्मिक विधी नोंदणी विवाहानंतरच करता येतो. लग्नाच्या दिवशी मित्रमंडळी वराची दाढी करून त्याला सजवितात, तर वधूच्या घरी तिच्या मस्तकावर झिरझिरीत ओढणी बसविली जाते. उत्तरेकडील मारामुरेश या डोंगराळ प्रदेशात लग्नाचा ध्वज तयार करण्याची प्रथा आहे. काठीला रंगीत रुमाल, फिती आणि लहान घंटा बांधून सिद्ध केलेला हा ध्वज वराचा मित्र वरातीपुढे नाचवीत नेतो आणि त्यावरील घंटा व्हायोलिनच्या ठेक्यात वाजत राहतात.

या विवाहाचा खरा आधार म्हणजे ‘नशि’, अर्थात वधूवरांचे धर्ममातापिता म्हणून उभे राहणारे विवाहित जोडपे होय. चर्चमध्ये ते मोठ्या मेणबत्त्या धरून वधूवरांजवळ उभे राहतात. धर्मगुरू दोघांच्या मस्तकी मुकुट ठेवतात, एकाच पेल्यातील मद्य दोघांना देतात आणि मग सर्व मिळून पवित्र ग्रंथ ठेवलेल्या मेजाभोवती तीन प्रदक्षिणा घालतात. नशिंचे कर्तव्य येथे संपत नाही, कारण नव्या जोडप्याला अडीअडचणीत सल्ला देणे आणि बहुधा त्यांच्या पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्याला धर्मपालक होणे, हेही त्यांच्याकडेच असते.

रात्रीचे भोजन संथपणे, एकामागून एक पदार्थ वाढत, पहाटेपर्यंत चालते. आलुबुखाराची ‘त्सुइका’ ही कडक दारू आरंभी दिली जाते आणि कोबीच्या आंबविलेल्या पानांत खिमा व तांदूळ गुंडाळून शिजविलेले ‘सारमाले’ मक्याच्या घट्ट पिठल्यासारख्या ‘मामालिगा’बरोबर वाढले जातात. मध्येच सर्व वयाची माणसे हात धरून ‘होरा’ हे फेराचे नृत्य करतात. मध्यरात्रीच्या सुमारास मित्रमंडळी वधूला पळवून नेतात आणि खंडणी घेतल्यावरच परत आणतात. पुढे धर्ममाता वधूची ओढणी उतरवून तिच्या डोक्याला रुमाल बांधते, आणि ती विवाहित स्त्रियांत गणली जाऊ लागते.

आहेर बहुतेक वेळा रोख रकमेच्या लिफाफ्यातून दिला जातो. ही रक्कम निदान आपल्या पानाचा खर्च भागविणारी असावी, असा संकेत असून उरलेल्या पैशांतून जोडप्याच्या संसाराला हातभार लागतो. ज्यांच्याकडून आहेर आला, त्यांच्या घरच्या कार्यात त्याची परतफेड करण्याचे बंधनही त्याबरोबर येते. परस्परांच्या आधाराची ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असल्यामुळे त्या आहेराला केवळ व्यवहार समजणे अन्यायाचे ठरेल. परदेशी पाहुण्याने लिफाफा विसरू नये आणि होराच्या फेरात कोणी हात पुढे केला तर संकोच न करता तो धरावा. यजमानाच्या दृष्टीने लग्नाला खऱ्या अर्थाने येणे ते हेच.