मागच्या रांगेचं गाणं

लातूरहून रात्री सुटणारी एक्स्प्रेस सकाळी ठाण्यात पोहोचते. उतरणाऱ्यांत मुलाखतीला, दवाखान्याच्या कामाला, नातेवाइकांकडे निघालेली माणसं असतात, तशीच जानेवारी २०२५ मध्ये पाठीवर सॅक टाकून नेरूळला निघालेली पोरंही होती. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची, नेरूळला उतरायचं आणि चालत डी. वाय. पाटील स्टेडियम गाठायचं. नांदेडकरांना देवगिरी एक्स्प्रेस आहे. परभणी, जालना, मनमाड, नाशिक असा सहाशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. १८, १९ आणि २१ जानेवारीला नेरूळच्या या स्टेडियमवर कोल्डप्ले या बँडचे कार्यक्रम झाले. आदल्या सप्टेंबरात तिकीटविक्री सुरू झाली, तेव्हा रांगेत एक कोटीहून जास्त लोक असल्याचं बुकमायशोने सांगितलं होतं. त्यातून तिकीट हाती लागलेल्या पोराला गाडीत झोप येणं अवघडच.

मुंबईला हे नवं नव्हतं. २००३ मध्ये ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्स वाजवून गेले, २००८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन, तर डिसेंबर २०१९ मध्ये याच नेरूळच्या मैदानावर यू-टू. खोलीवर इअरफोन लावून वर्षानुवर्षं ऐकलेला गळा आता समोर प्रत्यक्ष गाणार, ही ओढ प्रत्येक वेळी माणसांना तिथवर आणते.

या मैदानाचं छत प्रेक्षकांच्या मध्ये खांब न घेता पुढे झेपावलेलं आहे, त्यामुळे नजर कुठेच अडत नाही. आवाजाची मात्र अडचण होते, आणि ती कशी सोडवली जाते हे जवळून पाहण्यासारखं आहे.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून १७० मीटरवर बसलेल्याला ड्रमवर पडणारी काठी लगेच दिसते. ठोका मात्र अर्ध्या सेकंदाने पोहोचतो. तो दूरवर ऐकू जावा म्हणून वाटेत आणखी स्पीकर लावले, तर नवाच घोळ होतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा घोळ लहानपणापासून माहीत आहे. गावात सप्ताह बसतो, मंडपापासून वेशीपर्यंत खांबाखांबावर कर्णे बांधले जातात आणि कीर्तनकाराचा एकच शब्द दोनदा, तीनदा ऐकू येतो. तारेतून वीज सगळ्या कर्ण्यांपर्यंत एकाच क्षणी जाते, त्यामुळे सगळे एकदमच बोलतात. जवळच्या कर्ण्याचा शब्द आधी कानावर पडतो, लांबच्याचा मागाहून. बायाबापड्या तरीही मन लावून ऐकतात, पण निरूपणातला अर्धा बारकावा त्या गोंधळात हरवतो.

स्टेडियममध्ये यावरचा उपाय म्हणजे मुद्दाम केलेला उशीर. स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या उंच माळा टांगलेल्या असतात, खाली येताना अर्धापूरच्या केळीसारखा बाक घेतलेल्या. वरचे स्पीकर लांबच्या रांगांकडे रोखलेले असतात, खालचे पायथ्याच्या गर्दीकडे. त्यांच्याशिवाय मैदानात मागे वेगळे मनोरे उभे राहतात. मनोरा स्टेजपासून ६८ मीटरवर असेल, तर त्याचा आवाज ०.२ सेकंद रोखून धरतात. स्टेजवरचा सूर हवेतून तिथं पोहोचतो, तेव्हाच मनोरा बोलतो.

त्यातही एक खुबी आहे. मनोऱ्याला आणखी १०-१५ मिलिसेकंद थांबवलं, तर कान आधी आलेल्या, म्हणजे स्टेजकडच्या आवाजावर विश्वास ठेवतो. जवळचा स्पीकर जोरात वाजत असतानाही गायक समोरूनच गातोय असं वाटतं. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये कानाचा हा स्वभाव तपशिलात मांडला. संगीताच्या मैदानात त्याचा उपयोग व्हायला बराच काळ गेला. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ५५ हजारांहून जास्त लोकांपुढे गायले, तेव्हा किंकाळ्यांच्या गदारोळात वादकांना स्वतःचं वाजवणंही नीट ऐकू येत नव्हतं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनच्या संगीत कार्यक्रमाला सुमारे सहा लाखांची गर्दी लोटली, तेव्हा मागच्या मनोऱ्यांचा आवाज रोखायला डिजिटल यंत्रं वापरली गेली.

हिशेब एकदा करून भागत नाही. हवा एक अंशाने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. दुपारच्या उन्हात जुळवलेली वेळ रात्रीच्या गारव्यात किंचित सरकते. शिवाय दुपारी रिकाम्या खुर्च्यांवर आदळून घुमणारा सूर रात्री माणसांच्या अंगात, कपड्यांत जिरतो. म्हणून मैदानाच्या मध्यावर मिक्सरमागे बसलेला माणूस पहिल्या गाण्यात सर्वांत जास्त सावध असतो. गर्दीतल्या फार थोड्यांचं त्याच्याकडे लक्ष जातं, पण मागच्या रांगेतल्याच्या पैशाचं चीज होतं ते त्याच्यामुळेच.

मागच्या रांगेला सामील करून घेणारी आणखी एक गोष्ट म्हणजे प्रकाश. कोल्डप्लेच्या कार्यक्रमात प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याचा पट्टा असतो. त्याला अदृश्य अवरक्त किरणांतून हुकूम मिळतो आणि हजारो हात एकाच ठोक्याला पिवळे होतात, दुसऱ्याला निळे. लांबवर बसलेला माणूसही मग नुसता प्रेक्षक उरत नाही. दिसणाऱ्या चित्रात त्याचा हात असतो. निघताना पट्टा परत द्यायचा.

उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना रात्री दहाची मर्यादा आहे. देवगिरी आणि लातूर एक्स्प्रेस मात्र त्याआधीच मुंबईतून सुटलेल्या असतात. लातूरकडचे मग ट्रॅव्हल्स शोधतात. नांदेडचे ओळखीच्या कुणाकडे पाठ टेकून पहाटे तपोवन एक्स्प्रेस गाठतात.

या पोरांबरोबर नांदेड-लातूरच्या साउंडवाल्यांनीही एकदा असा कार्यक्रम पाहायला जावं. गणपतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बॉक्सची भिंत रचली जाते. तिच्याजवळ कान फाटतात आणि दोन गल्ल्या पलीकडे नुसती धडधड पोहोचते. भाड्याने मिळणाऱ्या अनेक डिजिटल मिक्सरमध्ये प्रत्येक आउटपुटला वेगळा उशीर देण्याची सोय असते. सप्ताहात मंडपापासून खांबापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं, दर दहा मीटरला २९ मिलिसेकंद धरायचे, वर दहा-पंधरा वाढवायचे. प्रत्येक टप्प्याच्या कर्ण्यांना वेगळी लाइन ओढावी लागेल, थोडी वायर जास्त लागेल. वेशीजवळच्या पारावर बसलेल्या म्हातारीला अभंगाचा शब्द तेवढ्याने एकदाच, स्वच्छ ऐकू येईल.