गॅसचा वास आला तर…

आपल्या अरुंद बोळात अग्निशमनाचा बंब शिरत नाही. म्हणून पहिली काही मिनिटे आपणच सांभाळायची.

गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला की काडी ओढू नका, दिव्याचे बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा; मग बाहेरूनच १९०६ वर फोन करा. आग लागली तर १०१.

भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, बर्फ नको. २० मिनिटे साधे पाणी ओतत राहा, मग दवाखान्यात न्या.

रविवारी विहारात जमू तेव्हा गल्लीची यादी करू: अंथरुणाला खिळलेली आजी कोणत्या घरात, तिला कोण उचलणार, बोळातल्या मोटारसायकली कोण हटवणार, बंबाला वाट दाखवायला नाक्यावर कोण थांबणार. नावे आधी ठरली, तर ऐनवेळी धावपळ होणार नाही.